ऊसबिलाची पावती आणि एमएच्या वर्गातली लेखी चर्चा

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात एमए अर्थशास्त्राला बसणारी निम्म्याहून जास्त मुलं बाहेरगावची आहेत. चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, इकडं हातकणंगले-इचलकरंजी. काहीजण नोकरी करून शिकतात, काहीजण पहाटे डेअरीला दूध घालून मग एसटी पकडतात. जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलंय ते बघूनच आम्ही तासाचं ठरवतो. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पण तिथवर पाणी चढायच्या आधीच खेड्यापाड्यांतले छोटे बंधारे बुडतात, गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ बंद होतो आणि वर्ग निम्मा रिकामा दिसायला लागतो. मोठा पूर आला तर सगळंच ठप्प. 2019 आणि 2021 मध्ये ते आम्ही पाहिलंय.

अशा वेळी ‘ऑनलाइन तास घेऊया’ हे सगळ्यांना पटकन सुचतं. कोरोनाच्या काळात मीही व्हिडिओवर भरपूर तास घेतलेत. तासाला व्याख्यान होतं, चर्चा होत नाही, हा माझा तेव्हाचा अनुभव. ज्याच्या घरी वायफाय आहे तो बोलतो. ज्याला घराबाहेर, टेकाडावर जाऊन रेंज मिळते तो नुसता हजेरी लावतो, आणि पावसात तेवढंही जमत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की पावसाळ्यातले काही आठवडे लेखी चर्चा घ्यायची. एकच प्रश्न, आठवडाभराचा वेळ, ज्याला जेव्हा रेंज आणि सवड मिळेल तेव्हा त्यानं लिहायचं. सगळ्यांनी सगळ्यांचं वाचायचं आणि एकमेकांना उत्तरं द्यायची. ते कसं उभं राहिलं ते सांगावंसं वाटतं, कारण हल्ली बऱ्याच प्राध्यापक मित्रमैत्रिणी विचारतात.

याच्या आधी मी स्वतः विद्यार्थिनी म्हणून प्राध्यापकांसाठीच्या एका ऑनलाइन उजळणी वर्गात बसले होते. कुठला ते महत्त्वाचं नाही. दर आठवड्याला एक चर्चा असायची आणि नियम असा, की स्वतःचं एक मत लिहायचं आणि दोघांच्या मतांवर प्रतिक्रिया द्यायची. विषय असायचा ‘उच्च शिक्षणात तंत्रज्ञानाचे महत्त्व’ यासारखा. त्यावर सगळ्यांनी तेच ते लिहिलेलं असायचं, आणि खाली ओळीनं ‘अतिशय सुंदर मांडणी सर’, ‘खूप छान मुद्दे मॅडम’. रविवारी रात्री अकरानंतर सगळ्या प्रतिक्रिया एकदम पडायच्या, कारण बाराला मुदत संपायची. वर्ग घेणारे तज्ज्ञ तिथं एकदाही फिरकले नाहीत. लिहिणारे सगळे शिकवण्यात मुरलेले, आपापल्या विषयात जाणते लोक होते. म्हणजे माणसं कमी पडली नव्हती. बोलण्यासारखं काही समोर ठेवलेलंच नव्हतं. तिथं बसल्या बसल्या मी वहीत लिहून ठेवलं होतं की ज्याचं उत्तर सगळ्यांकडं सारखंच आहे, तो प्रश्न चर्चेला द्यायचा नाही.

आपल्याकडं चर्चेला कागदावर मान आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाची रचनाच चार पायांवर आहे. व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची स्वतः घ्यायची चाचणी आणि ऑनलाइन चर्चा. 2021 च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक विद्यार्थी ‘स्वयम्’वरून मिळवू शकतो. म्हणजे चौथा पाय लंगडा राहिला तर आता ते पदवीपर्यंत पोचणार. तरी आम्हा शिकवणाऱ्यांना व्हिडिओ कसा करायचा याचं प्रशिक्षण मिळतं, चर्चा कशी चालवायची याचं फारसं मिळत नाही.

म्हणून थोडं वाचलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात काम करणाऱ्या रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी 2000 साली एक चौकट मांडली. ऑनलाइन शिकणाऱ्यांचा गट तिथं ‘शोध घेणारा समुदाय’ म्हणून पाहिला जातो, आणि त्याला तीन गोष्टी लागतात असं ते म्हणतात. माणसं एकमेकांना माणूस म्हणून दिसली पाहिजेत, विचार पुढं सरकला पाहिजे आणि शिकवणाऱ्याचं अस्तित्व जाणवलं पाहिजे. विचाराचे त्यांनी चार टप्पे सांगितलेत. आधी काहीतरी खटकतं, मग माहिती आणि मतं गोळा होतात, मग त्यांची जुळणी होते आणि शेवटी काहीतरी हाती लागतं. पुढं अनेक अभ्यासांत असं दिसलं, की ऑनलाइन चर्चा बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावरच थांबतात. मतं गोळा होतात, जुळणी होत नाही. माझ्या उजळणी वर्गाचं अगदी नेमकं वर्णन होतं ते. किंबहुना तिथं पहिला टप्पाच झाला नव्हता, कुणाला काही खटकलंच नव्हतं.

कशावर घ्यायची हा प्रश्न लवकर सुटला. व्हॉट्सअॅप ग्रुप आधीच होता, पण तिथं परीक्षेच्या फॉर्मची मुदत, वाढदिवसाचे केक आणि ‘उद्या तास आहे का’ यांच्या लोंढ्यात मुद्दा वाहून जातो. शिवाय सगळ्या मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, ते मला नको होतं. कॉलेजचं मूडल होतं, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली. ते फुकट मिळतं, आणि त्यात चर्चेचा एक प्रकार असा आहे, की स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. मला हाच हवा होता. पहिल्या हुशार मुलाचं वाचून बाकीच्यांनी त्याचीच री ओढायची सवय इथं आपोआप मोडते. दुसरं म्हणजे मोबाइलच्या अॅपमध्ये रेंज नसतानाही उत्तर लिहून ठेवता येतं आणि नेटवर्क आलं की ते जातं. राधानगरीकडच्या पोरांना याचा फार उपयोग झाला.

खरा वेळ प्रश्न तयार करण्यात गेला.

विषय कृषी अर्थशास्त्र, घटक शेतमालाची किंमत. कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर केंद्र सरकार ठरवतं, ती एफआरपी. ती उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर असते. पाठ्यपुस्तकी प्रश्न ‘एफआरपीची संकल्पना स्पष्ट करा’. त्याचं उत्तर गाइडमध्ये आहे आणि आता कुठल्याही एआयला विचारलं तर अर्ध्या मिनिटात शुद्ध मराठीत मिळतं. पण आमच्या जिल्ह्यात ऊस हा विषय प्रत्येकाच्या घरातून, नाहीतर दारावरून जातो. म्हणून प्रश्न असा घातला:

‘2024-25 च्या हंगामासाठी केंद्रानं 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागं 340 रुपये एफआरपी ठरवली, आणि त्यावर उताऱ्यात प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. आपल्या घरातली किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची एक बिलाची पावती मिळवा. कागदावरच्या दरापासून हातात पडलेल्या पैशापर्यंत मध्ये काय काय घडलं? त्यातलं कुठलं वजा होणं तुम्हाला रास्त वाटतं, कुठलं नाही, आणि का? दीडशे शब्दांत लिहा. कारखान्याचं, नेत्याचं, शेतकऱ्याचं नाव लिहायचं नाही.’

शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठळक केलं. आमच्याकडं कारखाना म्हटला की गट आला, गट म्हटला की निवडणूक आली. एकदा अध्यक्षांचं नाव पडलं की अर्थशास्त्र तिथंच संपतं. शिवाय कुणाच्या बापाचं बिल कुठल्या कारखान्याकडं अडकलंय हे वर्गात उघडं पडायचं कारण नाही.

प्रश्नाला पावती जोडल्यानं दोन गोष्टी साधल्या. उत्तर कुठून उचलून आणता येईना, आणि प्रत्येकाकडं असं काहीतरी आलं जे दुसऱ्याकडं नव्हतं. चर्चेचं सगळं बळ माझ्या मते इथंच आहे. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा असेल आणि पूर्ण चित्र कुणाकडंच नसेल, तर माणसं एकमेकांना विचारतात. त्यांना ‘दोन प्रतिक्रिया द्या’ असं सांगावं लागत नाही.

नियम मुलांबरोबर बसून ठरवले. वर्ग भरलेला असताना, पाऊस वाढायच्या आधी. पहिलं उत्तर बुधवारपर्यंत, एकमेकांना उत्तरं शनिवारपर्यंत, गोषवारा सोमवारी. अख्ख्या वर्गाचा एक धागा कुणी वाचत नाही, म्हणून आठ-दहा जणांचे गट. गट मीच पाडले. एका गावाचे, एका तालमीचे, एका खोलीत राहणारे एका गटात येणार नाहीत असे. ‘छान’, ‘सहमत’ एवढंच लिहिलं तर ती प्रतिक्रिया धरायची नाही. मग प्रतिक्रियेत काय असावं, तर प्रश्न विचारावा, आकडा तपासावा, उलटं उदाहरण द्यावं किंवा दोघांनी सांगितलेलं एकत्र आणून दाखवावं. एका मुलानं सुचवलं, ‘मॅडम, मुद्द्यावर बोलायचं, माणसावर न्हाई, हे पण घाला.’ घातलं. प्रत्येक गटात दर आठवड्याला एकजण आडवे प्रश्न विचारणार आणि एकजण गोषवारा लिहिणार, ही कामं फिरती ठेवली. आडवे प्रश्न विचारायचं काम सोपवलं की एरवी गप्प बसणाऱ्या मुलीही ते चोख करतात. विचारणं हे त्यांचं काम झालेलं असतं, आगाऊपणा राहत नाही.

भाषेचं मी स्पष्ट सांगितलं. बोलता तसं लिहा. ‘व्हय’, ‘न्हाई’ चालेल. टाइप करायला जमत नसेल तर मोबाइलला मराठीत बोलून लिहवा. शुद्धलेखनाचे गुण नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या, प्रमाणभाषेला बिचकणाऱ्या मुलांना हे वाक्य ऐकल्यावर हायसं वाटलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. याच शहरात शाहू महाराजांनी 1901 मध्ये बोर्डिंग काढायला सुरुवात केली ती खेड्यातल्या पोरांना शिकायला ठिकाण मिळावं म्हणून. त्या पोरांनी शिकायला आल्यावर गप्प बसावं म्हणून नव्हे.

सोमवारी प्रश्न टाकला. मंगळवार संध्याकाळपर्यंत तिथं जवळजवळ काही नव्हतं, आणि मीही काही लिहिलं नाही. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात शाळांतल्या तासांच्या टेप ऐकून एक गोष्ट दाखवली होती. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. लेखी चर्चेत त्या सेकंदांचे दिवस होतात एवढंच. शिकवणाऱ्याला ते जड जातं. सारखं उघडून बघावंसं वाटतं, ‘कुणीतरी सुरुवात करा’ असं लिहावंसं वाटतं. मी फक्त व्हॉट्सअॅपवर ‘पावती मिळायला अडचण असेल त्यांनी मला फोन करा’ एवढं कळवलं. फोन आले. कुणाच्या घरची पावती दिवाळीनंतर रद्दीत गेली होती, एकीचे वडील दाखवायला तयार नव्हते. तिला सांगितलं की शेजारी विचार, आणि वडिलांना भरीला घालू नकोस.

बुधवारी उत्तरं पडायला लागली. एकानं हिशेब मांडला. उतारा 12 टक्के धरला तर 10.25 च्या वर 17.5 टप्पे, त्याचे 58 रुपये 10 पैसे. म्हणजे क्विंटलला 398 रुपये 10 पैसे, टनाला 3,981. ‘पण आमच्या पावतीवर एवढे न्हाईत. तोडणी-वाहतूक वजा करून राहिलेलं दिलंय.’ दुसऱ्यानं विचारलं, उतारा कुठल्या वर्षाचा धरला? मागच्या हंगामाचा की चालू हंगामाचा? त्यावर तिसऱ्यानं सांगितलं, की राज्य सरकारनं फेब्रुवारी 2022 मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला होता, आणि चालू हंगामाचा उतारा हंगाम संपल्यावरच कळतो म्हणून दुसरा हप्ता लांबायचा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. चौथीनं ऊस नियंत्रण आदेश शोधून आणला, 1966 चा. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. ‘आमच्यात कुणाला व्याज मिळालेलं मी तर ऐकलं न्हाई,’ असं खाली. यातलं एकही वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. पावती समोर ठेवल्यावर त्यांना ते शोधावं लागलं.

एका मुलाचा भाऊ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. त्यानं भावाला विचारून लिहिलं, की बी-हेवी मळी (बरीच साखर अजून आत असलेली मळी) इथेनॉलला गेली की तेवढी साखर कमी निघते आणि उतारा कागदावर कमी दिसतो, म्हणून ती भर धरून हिशेब करावा लागतो. त्याच्या गटातल्या निम्म्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं, आणि शेतकऱ्यांची पोरं होती ती सगळी.

चर्चेला वळण दिलं ते इचलकरंजीच्या एका मुलीनं. तिच्या घरी यंत्रमाग, उसाचा संबंध नाही. तिनं बिचकत बिचकत लिहिलं होतं: ‘मला शेतीतलं कळत नाही. पण आमच्याकडं सूत आणायचा खर्च आणि कापड पोचवायचा खर्च कोण करणार हे सौद्यात ठरतं. मग ऊस कारखान्यानं विकत घेतला तर तो तोडून न्यायचा खर्च शेतकऱ्याच्याच बिलातून का जातो? आणि किती जाणार हे शेतकरी ठरवतो का?’ बाहेरच्या माणसानं विचारलेला प्रश्न. आत वाढलेल्यांना तो कधी पडलाच नव्हता, कारण तोडणी-वाहतूक वजा होणं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. दोन दिवस सगळा गट त्याच प्रश्नाभोवती होता. एफआरपी म्हणजे ऊस कारखान्याच्या गेटवर पोचवल्याचा दर, हे त्यातनं निघालं. मग गेटपर्यंतची सोय कारखाना करतो तर तिचा दर कुणी ठरवायचा, लांबच्या आणि जवळच्या उसाला वाहतूक सारखीच का कापायची, असे फाटे फुटले.

पहिले दोन दिवस गप्प राहायचं, हे खरं. पण शिकवणारा पूर्ण गायब झाला तर उजळणी वर्गासारखं होतं. गुरुवारी मी प्रत्येक गटात एकच नोंद टाकली, चार-पाच ओळींची. तिच्यात माझं मत नव्हतं, त्यांचंच त्यांना जोडून दिलं होतं. ‘कागलच्या पावतीत वाहतूक वेगळी दाखवली आहे, शिरोळच्या पावतीत तोडणी आणि वाहतूक एकत्र. इचलकरंजीकडून प्रश्न आला आहे की हा आकडा कोण ठरवतं. दोन्ही पावत्या शेजारी ठेवून कुणी याचं उत्तर देईल का?’ एवढंच. हे करायला सगळं वाचावं लागतं, नीट वाचावं लागतं, आणि त्याला वेळ जातो. पण आपलं लिहिलेलं मॅडमनी वाचलंय आणि ते दुसऱ्याच्या कामी येतंय हे दिसलं की मूल पुन्हा लिहितं. शाबासकी द्यायची ती मी वैयक्तिक संदेशातून दिली. सगळ्यांसमोर एकाला ‘उत्तम’ म्हटलं की बाकीचे समजतात बरोबर उत्तर आलं, आणि थांबतात.

जे अजून आलेच नव्हते त्यांना फोन केला. वर्गात आपण नजरेनं विचारतो तसं इथं जमत नाही, आणि नुसतं न लिहिणं म्हणजे आळस असं धरून चालत नाही. एकाच्या घरात पाणी शिरलं होतं, तो जनावरं घेऊन पाहुण्यांकडं गेला होता. त्याला सांगितलं, या आठवड्याचं सोड.

शुक्रवारी एका गटात पेटलं. एका मुलानं लिहिलं की पावतीवर जे दिसतं ते काहीच नाही. तोडणीवाल्यांना खुशाली द्यावी लागते, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री द्यावी लागते (दोन्ही म्हणजे हातोहात द्यायचे वरचे पैसे), नाहीतर ऊस फडातच वाळतो. इथपर्यंत मुद्दा मोलाचा होता, पावतीबाहेरचा खर्च कुणीच आणला नव्हता. पण पुढं त्यानं ‘ही टोळीवाली माणसंच लुटारू’ असं एक वाक्य घातलं. त्याच गटात बीडकडचा एक मुलगा होता, होस्टेलला राहणारा. त्याचे आईवडील दर हंगामाला कोयता घेऊन याच भागात ऊस तोडायला येतात. हे मला प्रवेशाच्या वेळी बोलताना कळलं होतं, वर्गात कुणाला माहीत नव्हतं.

मी नोंद पुसली नाही. आधी लिहिणाऱ्या मुलाला फोन केला. म्हटलं, तुझा खुशालीचा मुद्दा या चर्चेतला सगळ्यात चांगला आहे, पण ते एक वाक्य माणसांवर गेलंय. आपणच नियम केलाय, बघ तू. तो म्हणाला, ‘मॅडम, राग आला म्हणून लिवलं, बदलतो.’ त्यानं स्वतः बदललं आणि खाली लिहिलं, की एक वाक्य नियमाबाहेर गेलं होतं म्हणून काढलं. मग बीडच्या मुलाला फोन केला. त्याला उत्तर द्यायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की तू बरा आहेस ना, आणि या आठवड्यात न लिहिलं तरी चालेल.

रात्री त्यानं लिहिलं. आईवडील असं न म्हणता, ‘माझ्या माहितीतलं एक जोडपं’ असं म्हणून. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाच्या आधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्याकडून, उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. तोडणीचा टनाचा दर किती, त्यातला मुकादमाचा वाटा किती, पहाटे गाडी भरायला किती वाजता उठायचं, पाचटाच्या खोपीत पोरं कुणाकडं ठेवायची. शेवटी एक ओळ होती: ‘खुशाली मागणं चूक आहे. पण पावतीत वजा झालेले तोडणीचे पैसे आणि त्या जोडप्याच्या हातात पडलेले पैसे, यांत किती अंतर आहे हे कुणीतरी काढा.’

त्या एका नोंदीवर जेवढी उत्तरं आली तेवढी अख्ख्या सत्रात कशावर आली नाहीत. पहिलं उत्तर खुशालीचं लिहिणाऱ्या मुलाचंच होतं. त्यानं मुकादमाच्या कमिशनचं गणित विचारलं, आणि मग दोघं मिळून टनामागच्या पैशाची वाट शेतापासून खोपीपर्यंत मांडत बसले. गॅरिसन आणि मंडळी ज्याला जुळणी म्हणतात, ती मी तिथं होताना बघितली. समोरासमोरच्या तासात तो मुलगा हात वर करून हे बोलला असता असं मला वाटत नाही. बोलला असता तरी दुसऱ्याला आपलं वाक्य मागं घ्यायला जागा मिळाली नसती. लिहिताना मधे रात्र जाते, माणूस विचार करतो.

गुणांचं थोडक्यात सांगते. अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण ठेवले, अजिबात न ठेवून चालत नाही. नोंदी मोजल्या नाहीत, मोजल्या की लोक पाडायला लागतात. सत्राच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या दोन नोंदी स्वतः निवडून द्यायच्या आणि त्यामुळं चर्चा कुठं सरकली ते तीन ओळींत सांगायचं, यावर गुण. निकष आधीच सांगितले होते. पुरावा आहे का, दुसऱ्याच्या म्हणण्याला हात घातलाय का, काही नवा प्रश्न उभा राहिला का. इचलकरंजीच्या मुलीनं तो बिचकत विचारलेला प्रश्नच निवडला, आणि तिला पूर्ण गुण पडले.

एआयनं लिहिलेली उत्तरंही आली, ती ओळखू आली. गुळगुळीत भाषा, ‘शेतकऱ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी’ असं काहीतरी, आणि पावतीचा पत्ता नाही. मी त्यावर भांडत बसले नाही. आडवे प्रश्न विचारणाऱ्यांनीच ते काम केलं: ‘तुझ्या पावतीत तोडणी किती कापली?’ त्याला उत्तर द्यायचं तर घरी विचारावंच लागतं. एआय वापरायला माझी हरकत नाही. आदेश समजून घ्यायला, गणित तपासायला जरूर वापरा, पण कुठं वापरलं ते लिहा, असं वर्गात बोलून झालं होतं.

रस्ते उघडल्यावर पहिल्याच तासाला गोषवारे मोठ्यानं वाचून घेतले. हे मला फार आवश्यक वाटतं. मोबाइलवरची चर्चा वर्गात परत आली नाही तर ती वेगळीच कुठलीतरी पुरवणी होऊन बसते. एका गटाचा गोषवारा फळ्यावर मांडला. गेटवरचा दर, त्यातनं तोडणी, त्यातनं वाहतूक, पावतीबाहेरची खुशाली आणि एंट्री, मुकादमाचा वाटा, कोयत्याच्या हातात काय. मग मी एफआरपीची व्याख्या सांगितली आणि 2025-26 साठी दर 355 रुपये झालाय हेही. मुलांनी लगेच विचारलं, वाढलेल्या 15 रुपयांतले कोयत्यापर्यंत किती जातील? त्या तासाला मला सिद्धांत शिकवायला फार सोपं गेलं.

एक अडचण मात्र आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. याला वेळ लागतो. आठवड्याचे सगळे गट वाचणं, फोन, जोडणाऱ्या नोंदी, हे तास घेण्यापेक्षा जास्त काम आहे आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. दर आठवड्याला कुणी हे करू नये, निभत नाही. सत्रात मोजक्याच चर्चा घ्याव्यात आणि ज्या घ्याल त्यांच्यामागं पूर्ण उभं राहावं. तासिका तत्त्वावरच्या माझ्या तरुण सहकाऱ्यांवर ही जबाबदारी नुसत्या परिपत्रकानं टाकणं अन्यायाचं आहे. त्यांच्या मानधनात हे तास धरले पाहिजेत.

या सत्राचा पहिला प्रश्न मुलांनीच काढलाय. सुरुवातीला त्यांनी ‘कोल्हापुरी चप्पल आणि जागतिकीकरण’ असा विषय आणला होता. इटलीच्या प्राडानं जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये तसल्या चपला दाखवल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. मी काही बोलायच्या आधीच मागच्या बाकावरून आलं, ‘याचं उत्तर सगळ्यांचं एकच येणार, मॅडम.’ मग त्यांनीच तासभर घासून तो असा केला: ‘2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्या ओळखीच्या एका कारागिराला एका जोडामागं तेव्हा किती मजुरी मिळायची, आता किती मिळते? दुकानातल्या किमतीत आणि मजुरीत जो फरक आहे तो कुठं कुठं थांबतो?’ सुभाषनगर आणि जवाहरनगरात ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनी बाकीच्यांना बरोबर घेऊन जायचं ठरलंय. कारागिराचं नाव लिहायचं नाही हे यावेळी मला सांगावं लागलं नाही. प्रश्न सोमवारी टाकतेय.